एका काठीचा आवाज

लोकर मऊ असते असं जे म्हणतात, त्यांनी ती दुकानातून तयार गोळा म्हणून विकत आणलेली असते. माझ्या हातात ती मेंढीच्या अंगावरून आली, शेणामुतासकट, गोखरूच्या काट्यांसकट, कधी कधी कातडीच्या तुकड्यासकट. तिचा मऊपणा मारून काढावा लागतो. मेंढीला आडवं पाडून पाय बांधायचे, कातरायचं, मग लोकर धुवायची, झोडपायची, पिंजायची, पिळायची, उकळायची, आणि एवढं झाल्यावर तिच्यात सुया खुपसायच्या. एवढा मार खाल्ल्यावर कोणीही मऊ होईल. मी नाही झाले, ती गोष्ट वेगळी.

माझं माहेर मुखेडजवळचं. कोरडवाहू रान, ज्वारी आणि तूर. सुगी होऊन रान मोकळं झालं की धनगर मेंढरं घेऊन यायचे आणि वडील ती आमच्या रानात बसवायचे. मेंढरं बसली की लेंड्यांचं खत फुकट मिळतं, बदल्यात त्यांना ज्वारी द्यायची, अशी पिढ्यांची रीत. त्याच मुक्कामात ओढ्याकाठी कातरणी व्हायची. मी काठावर बसून बघायची. एक गडी मेंढीच्या मानेवर गुडघा रोवायचा, दुसरा कातर चालवायचा. मेंढी ओरडत नाही हो, तेच तर. बकरी असती तर तिनं सगळं गाव गोळा केलं असतं. मेंढी डोळे मोठे करून गप पडते. कुठं कातडी कापली जाऊन रक्त आलं की धनगर त्यावर हळद दाबायचा आणि कातर पुढं चालू. मला त्या धनगराचा नाही, मेंढीचा राग यायचा. ओरड की बये, काय जातंय तुझं, असं मी काठावरून खरंच म्हणायची.

सूत कातायला मला त्यांच्यातल्या एका बाईनं शिकवलं. मी तिला मावशी म्हणायची. तिच्या हातात कायम चाती असायची. चाती म्हणजे काय, तर एक लाकडी काडी, खाली जडशी चकती. मांडीवर घासून गरकन् सोडायची, आणि ती फिरत खाली जाते तसं वरच्या हातातल्या लोकरीतून सूत निघतं. मावशी मेंढरांमागं चालता चालता सूत काढायची. मी गच्च मूठ आवळून बसायची आणि माझं सूत तटातट तुटायचं.

"आगं, हात ढिला सोड," मावशी म्हणायची. "गळा धरल्यावानी काऊन धरून राहिलीस?"

घरी आईनं चाती बघितली आणि तीच माझ्या पाठीत घातली. आपल्यात हे काम करत नाहीत, लोक काय म्हणतील, शेतकऱ्याची पोर आणि मेंढरामागच्या बायांसारखं सूत काढती! वडील ओट्यावर बसून हसले. म्हणाले, "काढू दे की. पोरीचं वायफट बडबडणं तरी बंद होईल." ते काही बंद झालं नाही. पण त्यांच्या त्या एका वाक्यामुळं चाती माझ्याकडं राहिली, आणि लग्न होऊन लातूरला आले तेव्हा साड्यांच्या पेटीतून आली.

लातूरला आमची गल्ली नोकरदारांची. भिंतीला भिंत लागून घरं, पुढं अंगण, पत्र्याची दारं. माझ्या नवऱ्याला सगळी गल्ली 'सर' म्हणायची, कारण ते शाळेत शिकवत. मी पण इथं सरच म्हणणार. नवरा म्हणायला जीभ वळत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. रस्त्यानं खाली मान घालून चालणार, म्हाताऱ्या माणसांची पिशवी हातात घेणार. माझ्या आईला असा जावई म्हणजे पूर्वजन्माची पुण्याई वाटायची. आम्हाला मूल झालं नाही. दोष कोणात आहे ते बघायला सर दवाखान्यात कधी आलेच नाहीत, त्यामुळं तो माझ्यातच होता असं ठरलं.

पहिल्यांदा हात उचलला तो वरणात मीठ कमी म्हणून. दुसऱ्यांदा जास्त म्हणून. नंतर मी कारण शोधायचं सोडून दिलं. माझं तोंड चालायचं हे खरं. मी गप बसणाऱ्यातली नव्हते. त्यांनी एक मारली की मी दोन बोलायची, आणि मग ते चार मारायचे. आईला फोन केला तर म्हणायची, "तुझ्या तोंडाला लगाम न्हाई, दुसरं काय! नोकरी हाय, पित न्हाईत, अजून काय पायजे तुला?" माझ्या आईच्या हिशोबात मार हा संसाराचा खर्च होता.

लोकर मला भाऊ पाठवायचा. कातरणी झाली की एक पोतं भरून मुखेडच्या स्टँडवर एसटीत टाकायचा आणि मी लातूरला उतरवून घ्यायची. कंडक्टर नाकाला रुमाल लावायचे. त्या पोत्याला आमच्या रानाचा, मेंढरांचा, ओढ्याच्या चिखलाचा वास यायचा. माझं माहेर पोत्यातून यायचं म्हणा ना.

धुवून वाळवली की ती बाजेवर पसरायची. सुतळीनं विणलेली खाट, तिला आमच्याकडं बाज म्हणतात. पसरून दोन हातांत निरगुडीच्या दोन लवचीक काठ्या घ्यायच्या आणि झोडपायचं. एक डावी, एक उजवी. फट-फट, फट-फट. कचरा आणि काटे बाजेच्या भोकांतून खाली पडतात आणि लोकर फुगून वर येते. हे झोडपणं मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्या लोकरीत मला कोणाचं तोंड दिसायचं ते मीच जाणे.

विणायला मी लातूरला शिकले, शेजारच्या काकूंकडून. काकू उदगीरकडच्या. विधवा, अंगानं धिप्पाड, बोलण्यात दर वाक्याला 'अय्यो'. माझ्या पहिल्या सुया सायकलच्या चाकाच्या तारा होत्या, काकूंनीच फरशीवर घासून टोक काढून दिलेल्या. दोन सुलट, दोन उलट, असं त्या माझ्या कानाशी म्हणत राहायच्या आणि टाका चुकला की बोटावर टपली मारायच्या. त्यांची टपली मला आवडायची. तिच्यात राग नसायचा.

आपल्याकडच्या मेंढीची लोकर टोचते, कबूल. तरी थंडीत गल्लीतल्या बायका माझ्याकडं यायच्या. "नातवाला एक बिनबाह्यांचं करून दे की गं." "माझ्या कमरेला पट्टा विण." मी रंग घरीच करायची. डाळिंबाच्या सालीचा, कांद्याच्या टरफलांचा, आणि फाल्गुनात पळसाच्या फुलांचा. तुरटी घातली की पळसाचा पिवळा असा फुलायचा की बघत राहावं. त्याच रंगाचं एक स्वेटर मी काकूंना विणून दिलं, पुढून गुंड्यांचं. त्या ते हिवाळाभर अंगातून काढायच्या नाहीत.

त्याच पळसाच्या रंगाची आणखी एक आठवण आहे, तीही सांगून टाकते. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात फुलं रटरट उकळत होती. मी पाटावर बसून ढवळत होते. सर शाळेतून आले. शाळेत काहीतरी बिनसलं असणार, त्यांच्या चपला काढण्यावरूनच मला कळायचं. म्हणाले, "घराचा उकिरडा केलास." मी म्हणाले, "उकिरड्यावरच तर उठता-बसताय मग." झालं. त्यांनी पातेल्याला लाथ मारली. उकळता रंग माझ्या पावलावर आला. मी किंचाळले ते मला आठवतं, आणि सरांनी रेडिओचा आवाज मोठा केला तेही आठवतं. फोड जाऊन नवी कातडी आली तरी नखं कितीतरी दिवस पिवळी होती, हळदीच्या नवरीसारखी. गल्लीत सांगितलं, पातेलं निसटलं. मीच सांगितलं. सर शेजारी उभे होते, म्हणाले, "किती वेळा सांगितलं हिला, जपून कर."

आता मुख्य गोष्टीवर येते.

एकदा त्यांनी मला फुटपट्टीनं मारलं. लांब, लाकडी, शाळेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात सडा टाकता टाकता म्हणाल्या, "अय्यो, काल तिन्हीसांजेला लई आवाज येत होता गं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सर दारातून हसत बाहेर आले. "अहो काकू, हिची लोकर! दिवस नाही, रात्र नाही, झोडपत असते. तुम्हाला तकलीफ होते का? सांगा हं, बंद करायला लावतो."

"नाही नाही, करू द्या की," काकू म्हणाल्या.

सरांच्या डोळ्यांत तेव्हा जे आलं ते मी बघितलं. सापडलं होतं त्यांना काहीतरी.

त्याच संध्याकाळी ते शाळेतून आले, हातपाय धुतले, चहा प्याले, आणि कपबशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "लोकर काढ बाहेर."

मला वाटलं, बघायची असेल. मी बाज आडवी केली, लोकर पसरली, काठ्या आणल्या. म्हणाले, "झोडप." मी झोडपायला लागले. फट-फट, फट-फट. थोडा वेळ ते ऐकत उभे राहिले. मग पुढं झाले, माझ्या उजव्या हातातली काठी काढून घेतली, आणि राहिलेलं काम माझ्या पाठीवर केलं.

आगं माय! निरगुडीची काठी. लवचीक असते म्हणून मीच निवडून आणलेली.

मग तीच पद्धत पडली. 'लोकर काढ बाहेर' म्हटलं की मी उठायची. स्वतःच्या हातांनी बाज टाकायची, स्वतःच्या हातांनी लोकर पसरायची, आणि आधी थोडी झोडपायची, म्हणजे गल्लीच्या कानाला सवय व्हावी. मग ते माझ्या हातातून काठी घ्यायचे. मी ओरडले तर वर आणखी मार, हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितलेलं. शिकवायची हातोटीच होती त्यांना. एवढी बोलणारी मी, त्या बाजेच्या कडेला मेंढीसारखी गप पडायची. ओढ्याकाठी बसून जिच्यावर मी चिडायची, तीच मी झाले होते. याचा मला मारापेक्षा जास्त संताप यायचा.

आणि गल्ली काय म्हणायची? "सर किती चांगले! दुसरा कोणी असता तर असला पसारा घरात ठेवू दिला असता का?"

एका संध्याकाळी काठी डाव्या हाताच्या बोटांवर बसली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कांद्याएवढी सुजली. चाती धरता येईना, सुई धरता येईना. रात्रभर बोटं ठणकत होती, आणि सकाळी ती सुजलेली बोटं बघत मी ओट्यावर बसले तेव्हा मला अगदी स्वच्छ कळलं की आता एकच प्रश्न उरला आहे. ह्या घरातून मी आपल्या पायांनी बाहेर पडते, का चौघांच्या खांद्यावरून.

सर शाळेत गेले. मी दोन्ही काठ्या घेतल्या, सुताच्या एका तुकड्यानं एकत्र बांधल्या. बाज डोक्यावर घेतली. अशा अवतारात मी काकूंच्या अंगणात गेले. तिथं गल्लीतल्या बायका मेथी निवडत बसल्या होत्या. मी बाज त्यांच्या भिंतीला उभी केली. काठ्या काकूंच्या हातात दिल्या.

"ह्या ठेवा तुमच्याकडं. बाज बी इथंच ऱ्हाऊ द्या."

"अय्यो, मी काय करू ह्याचं?"

"मी लोकर झोडपायची सोडली," मी म्हणाले. मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "आता बोटांनीच मोकळी करीन. घरात आता एक बी काठी न्हाई. ह्याच्या पुढं आमच्या घरातून तसला आवाज आला, तर तो लोकरीचा न्हाई. ऐकलं का सगळ्यांनी?"

एकीनं मेथीची काडी मोडली. काकू माझ्या सुजलेल्या बोटांकडं बघत होत्या, मग काठ्यांकडं बघत होत्या. मी पदर खोचला आणि घरी आले. हे तुम्हाला शौर्य वाटत असेल तर वाटू द्या. मला तर वाटत होतं, आपण आपल्या हातानं आपलं मरण जवळ आणलं.

काही दिवस बरे गेले. सर खुशीत होते. मी खरंच बोटांनी लोकर मोकळी करत बसायची, सुजलेल्या हातानं, चिमूट चिमूट. मग एका दिवशी दिवेलागणीला ते आले, चहा प्याले, कपबशी खाली ठेवली.

"लोकर काढ बाहेर."

"काठ्या न्हाईत."

"कुठं गेल्या?"

"काकूकडं. बाज बी तिकडंच हाय."

"का?"

"गल्लीला ऐकू येत न्हवतं, म्हणून."

त्यांना समजायला वेळ लागला. हुशार माणूस, पण बायको विचार करते हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. समजलं तसं त्यांचं तोंड एकदम पांढरं पडलं. त्यांनी आधी जाऊन दाराची कडी लावली. मग कमरेचा पट्टा काढला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर लोकर ओढून माझ्या तोंडात कोंबली. न धुतलेली. तेलकट, खारट, लेंडीच्या वासाची. ती घशापर्यंत गेली. माझं माहेर त्या माणसानं माझ्या घशात कोंबलं.

मग पट्टा. पाठीवर, मांडीवर, कानावर. बक्कल लागून भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मी भिंतीकडं सरकत गेले. त्या भिंतीपलीकडं काकूंचं स्वयंपाकघर होतं. तोंड बंद होतं, पण पट्ट्याचा आवाज कोणी बंद केला नव्हता. फट. मग थांबायचे. फट. मी प्रत्येक आवाज मोजल्यासारखा ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ऐका गं बायांनो, ऐका. तुमच्या पोरांची अंगं झाकलीत मी, ऐका.

पलीकडं काहीच हललं नाही. मला वाटलं, गेलं सगळं.

आणि मग आमच्या पत्र्याच्या दारावर दणका बसला. फट-फट, फट-फट. दोन काठ्यांचा.

"सर, दार उघडा."

सरांचा हात वरच राहिला. त्यांनी दम घेतला, आणि त्यांच्या त्या गोड, शाळेतल्या आवाजात म्हणाले, "काही नाही हो काकू. हिची लोकर चाललीय."

"लोकर?" बाहेरून काकू म्हणाल्या. "काठ्या माझ्या हातात हायत, सर."

मग दारावर काठ्या पडायला लागल्या त्या थांबेचनात. पत्रा एवढा वाजत होता की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. सरांनी पट्टा गादीखाली सारला, केस सारखे केले आणि दार उघडलं. समजावून सांगायला उघडलं असणार. सांगायला मिळालंच नाही. पहिली काठी त्यांच्या तोंडावर बसली. चष्मा उडाला. काकूंच्या अंगात ते पळसाच्या रंगाचं स्वेटर होतं, गुंड्या सगळ्या उघड्या, आणि मागं मेथीवाल्या बायका, कोणाच्या हातात झाडू, कोणाच्या हातात धुण्याचं धोपाटणं. "बाया मारतो व्हय रं! बाया मारतो!" त्यांनी सरांना उंबऱ्यावर पाडलं. ते हातांनी डोकं झाकून 'अहो ऐका तरी, ऐका तरी' म्हणत होते.

मी तोंडातली लोकर ओढून काढत होते. ती निघता निघेना, सुतासारखी घशातून येत राहिली. निघाल्यावर मी ओकले. मग उठले, भिंत धरत दारात गेले आणि काकूंच्या डाव्या हातातली काठी घेतली.

मला मारता येतं. लोकर झोडपून हात बसलेला होता. मला बरं वाटलं का? वाटलं. शंभर वेळा विचाराल तरी तेच सांगेन. पलीकडच्या गल्लीतला काकूंचा दीर धावत आला आणि त्यानं माझा हात धरला तेव्हाच मी थांबले. "मरंल तो," तो म्हणाला. मी म्हणाले, "मग?"

पुढचं सगळं पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, भुवईला टाके, मधे पडणारी चार शहाणी माणसं. आई आली आणि माझ्याआधी जावयाच्या जखमा बघून आली, तेही लिहून ठेवते. मी त्या घरात परत गेले नाही. आपल्या पायांनी बाहेर पडले.

ते दिवस मी काकूंकडं राहिले. त्या रोज माझ्या पाठीला हळद-तेल लावायच्या. एके दुपारी लावता लावता म्हणाल्या, "मला कळत व्हतं गं आधीपासून."

"काय कळत होतं?"

"लोकर दोन काठ्यांनी झोडपतेत. आवाज दुहेरी येतो. तुमच्या घरून मधेच एकाच काठीचा आवाज यायचा. मी इतक्या वर्षांची विणणारी बाई, मला न्हाई का कळणार?"

मी त्यांच्या हाताखाली पालथी पडून होते. अंगातून एकदम आग निघाली.

"मग?"

"मग काय. सर म्हणाले लोकर. मी म्हणले, असंल लोकर."

मी उठून बसले. ब्लाउज ओढून घेतला. म्हणाले, "काकू, माझ्या पाठीला हात लावू नका." त्या दिवशी मी त्यांच्या घरचं अन्न खाल्लं नाही. त्या स्वयंपाकघरात बसून रडत होत्या, मला ऐकू येत होतं. मी पण म्हणू शकले असते, कांदा चिरत असतील.

माफ केलं का? नाही केलं. पण मी वाचले ती त्यांच्यामुळंच, हेही तितकंच खरं. ह्या दोन गोष्टी माझ्यात एकाच सुतात पिळल्यासारख्या आहेत, सोडवायला गेलं तर दोन्ही तुटतात. थंडी पडली की त्यांचा फोन येतो. स्वेटर कोपरात विरलंय म्हणतात. मी म्हणते, पाठवा, रफू करून देते. अजून त्यांनी पाठवलं नाही, मी मागितलं नाही.

आता मी नांदेडला असते. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते, वरच्या मजल्यावरची खोली आणि गच्ची माझी. भाऊ पोतं पाठवतो. कितीतरी दिवस ते मी उघडलंच नाही. झोडपायचं म्हटलं की पाठ आधीच आखडायची. पण न झोडपलेली लोकर कसर लागून मरते. शेवटी परवाच्या थंडीत मी बाज घेतली, गोदावरीकाठच्या एका माळावरून निरगुडीच्या दोन काठ्या तोडून आणल्या, आणि सकाळी उन्हात गच्चीवर लोकर पसरली.

डाव्या बोटांत अजून कळ येते, म्हणून एकाच काठीनं सुरुवात केली. फट. थांबायचं. फट.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. वसतिगृहात पोळ्या करायला आलेली, खालच्या खोलीत नुकतीच राहायला लागलेली बाई, किनवटकडची, माझी तिची धड ओळखही नव्हती. केस मोकळे, हात पिठानं भरलेले, आणि हातात लाटणं.

"कोण मारून राहिलं तुमाला?" ती ओरडली.

"कोणी न्हाई. लोकर झोडपतेय."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या भुवईवरच्या वणाकडं बघत राहिली. मग मला बाजूला सारून ती माझ्या खोलीत शिरली. दारामागं बघितलं, मोरीत बघितलं, खाली वाकून कॉटखाली बघितलं. कोणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरच ती बाहेर आली. तोपर्यंत मी बाजेच्या कडेला बसून हमसून हमसून रडत होते. तिनं काय झालं विचारलं नाही.

"लोकरच हाय म्हणा की," ती म्हणाली. लाटणं तिनं कठड्यावर ठेवलं, हाताचं पीठ लुगड्याला पुसलं आणि खाली पडलेली दुसरी काठी उचलली.